उजव्या सीटवरचा गहू

प्रिय दादा,

आज शेडचं कुलूप काढलं आणि तुझ्या गाडीची उजवी बाजू वर आलेली दिसली. म्हणून लिहितेय. दुसरं कुणाला सांगू? बाबांना काय, गाडी उभी आहे एवढंच दिसतं.

मोजायचा टेप लावून पाहिला. डावी बाजू जवळजवळ होती तिथेच, उजवी करंगळीएवढी वर. तू असतास तर शेड डोक्यावर घेतलं असतंस. "कोनं हात लावला माह्या गाडीले?"

सांगते कुणी लावला. पण आधी थोडं भांडून घेऊ दे.

त्या दोन सीटच्या गाडीपायी काय काय केलं आपण! शर्यत नाही, बक्षीस नाही, आणि माणूस गाडी ट्रेलरवर चढवून पार दक्षिणेत जातो कशाला, तर दिवसभर ट्रॅकवर गोल गोल फिरायला. हे आपल्या पांढुर्ण्यात कुणाला अजून पटलेलं नाही. मी सौंसरच्या शाळेतून रजा टाकून तुझ्याबरोबर यायची, डोक्याला ओढणी गुंडाळून, हातात स्टॉपवॉच घेऊन. "पुढच्या येळी तू चालव," हे तुझं दर वेळचं. ती पुढची वेळ कुठे गेली रे?

मग तुझ्या पोटाचं निघालं. केमोथेरपीसाठी नागपूरच्या फेऱ्या सुरू झाल्या आणि त्याच दिवसांत तुला नवे स्प्रिंग हवे झाले! तुला कडक हवे होते. वळणावर गाडी कलायला नको, म्हणायचास. मी म्हणत होते, कडक स्प्रिंगवर चाक उडतं, आणि उडालेल्या टायरला पकड कसली? तिगावच्या रस्त्यावर तूच नव्हतं का पाहिलंस, गाडी कशी टणाटण उडत होती ते? पण ऐकशील तर तू कसला!

शेवटी तू ऐकलंस, ते माझ्या बोलण्यानं नाही. नागपूरहून परत येताना प्रत्येक खड्ड्याला तू दात आवळायचास. एकदा डोळे मिटूनच म्हणालास, "नरमच सांग वं मनू." मी जिंकले होते. मला अजिबात आनंद झाला नाही.

स्प्रिंग बनवणाऱ्याला चालवणाऱ्याचं वजन लागतं. गाडी माणसासकट किती दबून बसणार, त्यावर त्याचा हिशेब. मी फोन हातात धरून तुला विचारलं, किती सांगू?

"अठ्ठ्याहत्तर."

"दादा, काट्यावर पाय तं ठेव एकदा."

"कायले? मी काय संत्रा आहो तोलाले? बरा होऊन राहिलो नं मी!"

तुझं मनगट माझ्या दोन बोटांत मावत होतं. मी अठ्ठ्याहत्तर सांगितलं.

स्प्रिंग आले. लोधीखेड्याचा मेकॅनिक येऊन बसवून गेला. राहिलं ते स्प्रिंगखालच्या चकत्या फिरवून गाडीच्या दोन्ही बाजूंची उंची सारखी करायचं. त्याला सीटवर माणूस लागतो. तू समोर खुर्चीत, अंगावर शाल. मी म्हटलं, "तूच बस नं आता." तू मान फिरवलीस. "गव्हाचे कट्टे ठेव," म्हणालास.

तेव्हा राग आला मला, उगीच नखरे म्हणून. आता कळतं. तू बसला असतास आणि गाडी खाली आलीच नसती. आम्हा सगळ्यांसमोर.

आईनं कोठीतला गहू पोत्यांत भरून दिला. एक कट्टा पन्नासचा, त्यावर अठ्ठावीस किलोचा अर्धा, वरून सीटबेल्ट. गाडी कशी सरळ बसली! तू किती वेळ त्या कट्ट्यांकडे पाहत होतास. मग हसलास आणि म्हणालास, "पाहा, कसा मस्त बसलो मी."

खरं तर एक कट्टाच पुरला असता, दादा. दवाखान्यातल्या काट्यानं मला आधीच सांगितलं होतं.

त्या गाडीत तू नंतर एकदाही बसला नाहीस. कट्टे मात्र बसून राहिले. तू गेल्यावरही मी ते काढले नाहीत. शेडकडे फिरकलेच नाही.

आज उजवी बाजू वर पाहिली आणि दार उघडलं. सीटबेल्ट लोंबत होता. सीटवर चार दाणे आणि उंदराच्या लेंड्या. धावत घरात गेले. तुझ्या तेराव्याला आलेला मोहगावचा मामा अजून इथेच आहे. त्याला विचारलं, तर तो सहज म्हणाला, "तेरवीले गहू कमी पडत होता नं वं. कट्टे गाडीत दिसले, तं नेले चक्कीवर. उंदरं खाऊन राहिले होते ते."

तेरवीला, दादा! तुझ्याच तेरवीला! अख्खी गल्ली जेवली. पंगतीत पुऱ्या मी वाढल्या. लोक म्हणाले, पुऱ्या छान फुगल्या, आणि मला बरं वाटलं होतं. शेवटी आईनं बळेच बसवलं, तेव्हा मीही खाल्ल्या. अठ्ठ्याहत्तर किलोचा तू, ज्याला तू काट्यापासून लपवून ठेवलं होतंस, तो आम्ही सगळ्यांनी मिळून संपवला.

मी मामावर ओरडले. काय काय बोलले, ते लिहीत नाही. बिचारा मामा! त्याला काय माहीत?

आई चुलीपाशी होती. त्या गव्हाचं तिला सगळं माहीत होतं, गाडीसाठी तो तिनंच दिला होता ना! तिनं पदरानं हात पुसले आणि म्हणाली, "लोकायच्या पोटात गेला नं वं. त्याच्या तं काहीच जात नव्हतं." मग खाली बसली आणि तू गेल्यापासून पहिल्यांदा मोठ्यानं रडली.

आता मला विचारायचं आहे, कुणासाठी खोटं बोललास? आईसाठी? ती तर रोज तुझं न खाल्लेलं पान उचलायची. माझ्यासाठी? स्वतःसाठी म्हणशील, तर मग माझं काही म्हणणं नाही. पण आपण दोघं शेवटचे दोन महिने स्प्रिंगबद्दलच बोललो रे. दुसरं काही बोलायचं राहूनच गेलं.

नवे कट्टे ठेवणार नाही मी. उद्या त्या सीटवर मी बसणार आहे. टेप आई धरणार आहे. तिचे गुडघे वाकत नाहीत, पाट घेऊन बसते म्हणाली. स्प्रिंग तेच राहतील, चकत्या माझ्या वजनाप्रमाणे फिरवीन. पुढच्या ट्रॅक डेला गाडी मी चालवीन. तू बोलला होतास, आता मागे फिरायचं नाही.

आणि एक शब्द देते. कुणीही विचारलं, कधीही विचारलं, उद्या मला तुझ्यासारखंच काही निघालं तरी, मी काट्यावर पाय ठेवीन. आणि जे येईल ते आईला खरं सांगेन.

तुझ्यावर अजून रागावलेली,
मनू