चंद्रकलेचा मामा

५ नोव्हेंबर १९७९, लाखनी
कोर्टाची नोटीस. आंधळगावचा कुणी दौलत म्हणतो, चंद्रकला त्याच्या बहिणीची मुलगी, ताबा त्याला मिळावा. हमरस्त्यावर ट्रकखाली तिची आई गेली तेव्हा कोणी फिरकलं नव्हतं. नातेवाईक सापडेपर्यंत म्हणून कोर्टानं पोर माझ्याकडे सोपवली. सहा वर्षांत ते ‘सापडेपर्यंत’ मी विसरूनच गेले होते.
रडले नाही. भाजी करपली.

७ नोव्हें.
भंडाऱ्याला वकिलांकडे. म्हणाले, तो मामा नाहीच असं धरून चालू, पुरावा काही नाही त्याच्याकडे. कापणीला फुकटची पोर हवी असेल. मलाही तसंच वाटतं.
संध्याकाळी चं.कडून उत्तरं पाठ करून घेतली. मोठ्यांच्या पाया पडायचं, मान वर, आवाज स्वच्छ. पार्वताबाई भांडी घासता घासता, “बाई, शाळा सुटली पण तुमची हेडमास्तरकी काई सुटली नाई. पोरगी कोर्टात जाऊन राहिली का परीक्षेले?”
हसू आलं. दाखवलं नाही.

१३ नोव्हें.
तारीख. न्यायाधीशसाहेब माझ्यासारखेच साताऱ्याकडचे, बोलण्यावरून कळलं. दौलत हडकुळा, नवा सदरा, घड्या तशाच. खाणीवर होतो, बहीण गेल्याचं उशिरा कळलं, एवढंच सांगता आलं. वकिलांनी धारेवर धरलं तसा गोंधळत गेला.
साहेबांनी चं.ला पुढे बोलावलं. शिकवल्याप्रमाणे साहेबांना नमस्कार, मग दौलतच्या पाया पडायला वाकली. तो चटका बसावा तसा मागे सरला. “नाई, नाई माय, मले पाप लागन.” आणि स्वतःच वाकून तिच्या पायांना हात लावला.
वकील लगेच, “नाटक आहे, साहेब.” साहेबांनी मान डोलावली.
परत येताना वकील खूश. मी खिडकीबाहेर पाहत बसले.

१४ नोव्हें.
पार्वताबाईला सांगितलं. तिच्या हातातलं ताट तसंच राहिलं. “मंग तो मामाच आहे, बाई. इकडं भाचीले पाया पडू देते का कोणी? मामाच पडते तिच्या पाया. इतक्या वर्षांत तुमाले ठाऊक नाई?”
ठाऊक आहे. इथल्या कितीतरी लग्नांत पाहिलंय. घरात मात्र साताऱ्याचीच रीत शिकवली.
नाटक करणारा आधी विचार करतो. तो घाबरला होता.

१६ नोव्हें.
वकील म्हणतात, गप्प राहा. साहेबांना इकडचं माहीत नाही, केस आपल्या हातात आहे.
चं.ची वेणी घातली. आज जरा घट्टच. “दुखतंय, बाई,” म्हणाली.

२७ नोव्हें.
कोर्टात उभी राहिले आणि इथली मामा-भाचीची रीत सांगून टाकली. वकिलांनी कपाळाला हात लावला.
साहेब, “बाई, हे तुमच्याच विरुद्ध जातं. कळतंय ना?”
“कळतंय.”
चष्मा काढून पुसला. मग दौलतला बसायला खुर्ची द्यायला सांगितली. निकाल नाही. पुढची तारीख ११ डिसेंबर, तेव्हा चं.शी एकटीशी बोलणार. तोवर तिनं मामाचं गाव पाहून यावं.
व्हरांड्यात दौलत जवळ आला. “तुमी नसत्या त माह्या बहिणीचं लेकरू कुठं गेलं असतं, बाई.”

२९ नोव्हें.
दौलत न्यायला आला. नवे तांदूळ आणलेत, घरभर वास. चं.च्या पाया पडला. या वेळी ती मागे सरली नाही, हसली. मला म्हणाला, “तुमी बी चाला, नवं खायले.” नाही म्हटलं. मग म्हटलं, बघते.
माझ्यामागे हिला कोण, हा प्रश्न इतकी वर्षं उशाशी घेऊन निजले. आता उत्तर दारात चपला काढून उभं होतं. देवाचे उपकार. साहेबांचेही.
एस.टी. सुटली तेव्हा चं.नं हात हलवला. कोर्टात काय बोलायचं ते तिनं विचारलं नाही. मीही शिकवलं नाही, पहिल्यांदाच.