होडी बुडवायची असते

शनिवार, २ मे
येतायत! गुरुवारी दुपारी. यांच्या मुलीचा फोन मीच घेतला आणि ठेवल्यावर दोन मिनिटं स्वयंपाकघरात नुसतीच उभी राहिले. ती आणि दोन्ही मुलं, चांगले दहा दिवस. जावई येणार नाहीत, कामात आहेत म्हणे. आमच्या लग्नाला चार वर्षं झाली. चार वर्षांत ती या तळ्यावरच्या घरात एकदाही आली नाही — आणि घर तर तिचंच. तिच्या आईने जाण्याआधी तिच्या नावावर करून ठेवलेलं.

शेहेचाळिसाव्या वर्षी मी नातवंडांची वाट बघतेय!

पण लिहायचं तर सगळं लिहावं. पलीकडच्या बंगल्यातल्या दंतवैद्याला हे घर हवंय. पाडून त्याला इथे भाड्याच्या खोल्या बांधायच्यात. ती फोनवर म्हणाली, "मुलांना एकदा घर दाखवते, मग काय ते ठरवते." म्हणजे मला झालेल्या आनंदात नातवंडं किती आणि घर किती? दुपारभर विचार केला. सांगता येत नाही.

रविवार, ३ मे
भयंकर प्रकार! हे सकाळी लवकर दोन दिवसांसाठी भावाकडे गेले. मी चहा घेऊन धक्क्यावर गेले तर होडी पाण्याखाली. पाच वर्षं शेडमध्ये टांगलेली होडी यांनी कालच मुलांसाठी खाली काढली होती. आत बघते तर मोठाले दगड. म्हणजे कुणीतरी मुद्दाम केलं. दंतवैद्य! दुसरा कोण?

दूधवाल्याला हाक मारली. तो आणि मी कमरेइतक्या पाण्यात उभे राहून दगड काढले, बादलीने पाणी उपसलं, दोराने होडी काठावर ओढली. तीन तास. दूधवाला म्हणाला, "बाई, दुसऱ्यांचं दूध नासलं तर तुमचं नाव सांगेन." होडी भर उन्हात पालथी घातली. खडखडीत वाळू दे. आता पाठ धरलीय, पण काय समाधान!

सोमवार, ४ मे
आज कामाला जाताना तळ्याच्या पाण्याची बाटली भरून नेली. आमच्या प्रयोगशाळेत रोज साऱ्या शहराचं पाणी तपासते, मग घरच्या मुलांसाठी का नको? साहेबांची परवानगी मात्र रीतसर घेतली. निकाल बुधवारी. होडी उन्हात.

मंगळवार, ५ मे
हे संध्याकाळी आले. मी मोठ्या तोऱ्यात होडी दाखवली. हे पायरीवर बसले. मग हळूच म्हणाले, "अगं, होडी बुडवायची असते."

लाकूड वर्षानुवर्षं कोरडं राहिलं की फळ्या आक्रसतात, सांधे उघडे पडतात. म्हणून आत दगड भरून होडी चार-पाच दिवस पाण्याखाली ठेवायची. फळ्या फुगतात, भेगा आपोआप मिटतात. शनिवारी संध्याकाळी यांनीच बुडवली आणि मला सांगायचं विसरले. मी तीन दिवस मेहनत घेऊन ती चाळण करून ठेवली! दोन फळ्यांमधून पलीकडचं गवत दिसतंय.

दंतवैद्याला मनातल्या मनात काय काय बोलले होते. बरं झालं, त्याच्या दाराशी गेले नाही. फाटकापर्यंत गेले होते.

बुधवार, ६ मे
पाणी स्वच्छ! खुशाल डुंबा. वरच्या खोलीत चादरी घातल्या, काढल्या, दुसऱ्या घातल्या. हे म्हणाले, मुलगी येतेय, तपासणी पथक नाही. यांना काय ठाऊक!

गुरुवार, ७ मे
आले! मोठी नऊ वर्षांची, हातात पुस्तक, पाणी बघून पुस्तक विसरली. धाकटा पाच वर्षांचा. गाडीत आईने त्यांना शिकवलं असावं, दोघांनी मला "काकूआजी" म्हटलं. धाकट्याने माझ्याभोवती एक चक्कर मारली आणि आजी असून केस काळे कसे, असं विचारलं. मी खरं ते सांगितलं — बाटलीतला रंग लावते. त्याला फारच पसंत पडलं. त्याला हिरवा हवाय.

ती आपल्या वडिलांच्या गळ्यात पडली. मला नमस्कार. बारीक झालीय. मी बारा वेळा "काही हवंय का" विचारलं. मोजले. बारा.

शुक्रवार, ८ मे
न्याहारीला यांनी होडीची गोष्ट सांगितली! मी डोळ्यांनी दटावतेय, पण छे. दूधवाला, बादली, दंतवैद्यावरचा संशय, सगळं. ती अंडं सोलत होती. आधी खांदे हलले, मग हसता हसता डोळ्यांतून पाणी. "कमरेइतक्या पाण्यात? तुम्ही?" मग उठली, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि मुलांना घेऊन थेट काठावर. मुलं दगड देतायत, ती रचतेय, मी होडी धरून उभी. दगड एका बाजूला रचायचे नाहीत, होडी कलंडते — हे तिने मला शिकवलं. म्हणाली, आई दर उन्हाळ्यात बाबांवर ओरडायची, बुडवायला उशीर केला म्हणून. माझ्यासमोर आईचं नाव पहिल्यांदाच काढलं. मी गप्प राहिले. गप्प राहणं बरोबर होतं ना? वाटतं, होतं.

सोमवार, ११ मे
वर काढली. तरंगली! मोठी वल्ही मारते आणि होडी जागच्या जागी गोल फिरते. तळातून थोडं पाणी अजून येतंच. धाकट्याला प्लास्टिकचा मग देऊन उपसायला बसवलंय. तो कुणाला मगाला हात लावू देत नाही. मी दोनदा पाण्यात पडले. एकदा चुकून.

मंगळवार, १२ मे
दंतवैद्य टरबूज घेऊन आला. कुंपणाशी तिच्याशी अर्धा तास बोलला. मी तेवढ्यात धुतलेलं सिंक पुन्हा धुतलं. मग जेवताना तिच्या ताटात वाढतच राहिले, मुलांना उगाच जवळ घेतलं, छप्पर मी कसं दुरुस्त करून घेतलं तेही सांगितलं. कुणी विचारलं होतं? स्वतःचीच शिसारी आली.

बुधवार, १३ मे
बोलून टाकलं. आम्ही दोघी बटाटे सोलत होतो. हे आणि मुलं पाण्यावर. मी म्हटलं, "हे घर जाऊ नये असं मला फार वाटतं. त्यामुळे माझ्या प्रेमळपणातला थोडा भाग वजा करूनच धर. किती, ते मलाही माहीत नाही."

तिने हातातला बटाटा पातेल्यात टाकला. मग म्हणाली, "मीही काही नुसती भेटायला आलेले नाही."

पुढे काही नाही. मी विचारलं नाही. सगळे बटाटे सोलून झाले. आठवडाभराचे!

हलकं वाटतंय. आणि घाबरलेही आहे.

शुक्रवार, १५ मे
उद्या जाणार. घराबद्दल अवाक्षर नाही. आज तिघीजणी पलीकडच्या काठापर्यंत पोहत गेलो. मोठी पहिली, मी शेवटची! घर राहो न राहो, आजचा दिवस माझाच. हे वाक्य पुन्हा वाचलं. खरं आहे.

रविवार, १७ मे
काल गाडीत सामान भरून झाल्यावर तिने मला मागच्या दाराशी बोलावलं. घर विकायचं नाही असं दंतवैद्याला कळवलंय, म्हणाली. मग जमिनीकडे बघत, "जूनपासून आम्ही इथे राहायला येऊ का? तिघंच. त्याच्याबरोबर आता नाही राहायचं. बाबांना सांगेन, पण आधी तुम्हाला विचारते." घर तिचं, आणि येऊ का म्हणून विचारलं मला! मी मूर्खासारखं म्हटलं, "मुलांची शाळा?" मग म्हटलं, या. तीनदा म्हटलं.

इथल्या शाळेचे अर्ज उद्या साडेआठपासून मिळतात. आठला जाऊन उभी राहते.