पंकजचा स्टार, माझी यादी

मी, सोपान पुंजाराम साळवे, वय वर्षे ५१, व्यवसाय संगणकाचे प्रोग्राम लिहिणे, राहणार केडगाव, तालुका नगर, जिल्हा अहमदनगर, हे मृत्युपत्र स्वतःच्या अक्षरात लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. मला कोणी भरीस घातलेले नाही की धाक दाखवलेला नाही. पुढच्या आठवड्यात पुण्याला माझ्या हृदयाचे ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणतात, काळजीचे कारण नाही. पण माझ्यामागे पतसंस्थांचा प्रोग्राम राहतो. तो कोणाच्या हाती जावा हे लिहून ठेवल्याशिवाय मला त्या टेबलावर झोपायचे नाही.

माझी पत्नी शुभांगी मागच्या वर्षी काविळीने गेली. आम्हाला मूल नाही.

१. वकील मच्छिंद्र ठुबे यांनी मसुदा तयार करून आणला होता. त्यात होते, "माझी सर्व स्थावर व जंगम मिळकत, जी असेल ती व जेथे असेल तेथे." मी तो परत केला.

ठुबे म्हणाले, "अहो साळवे, सगळे असंच लिहितात. एखादी वस्तू राहून गेली म्हणजे?"

"राहिली तर कायद्याने जायची तिकडे जाईल. पण नको ती वस्तू नको त्या माणसाकडे जाणार नाही."

"धन्य आहे. शुभांगीताईंनी कसे दिवस काढले कोणास ठाऊक!"

असे सगळेच म्हणतात. मला ते आवडत नाही. खाली प्रत्येक वस्तू नावानिशी दिली आहे.

२. केडगाव येथील दोन खोल्यांचे घर, पुढच्या अंगणासह, माझी बहीण चांगुणा हिला. तिने ते विकू नये अशी इच्छा आहे, सक्ती नाही. दर्शनी भिंतीवरचा बाबासाहेबांचा फोटो शुभांगीने लावलेला आहे. तो तिथेच राहावा.

३. बँकेतली ठेव आणि माझी एम-एटी दुचाकी चांगुणाची मुलगी सीमा हिला. गाडीला चोक दिल्याशिवाय ती सुरू होत नाही. सीमा नगरच्या क्लासमध्ये संगणक शिकली आहे, म्हणून माझा संगणक आणि प्रिंटरही तिलाच.

४. शुभांगीचा मराठी टाइपरायटर सीमालाच. शुभांगी माझ्याकडे डेटा भरायच्या कामाला बसण्याआधी त्याच्यावर शिकवण्या घेत असे.

५. स्वयंपाकघरात निळ्या काठाचा चिनी मातीचा एक कप आहे. तो पंकज कडू भिंगारदिवे याला. पंकज पाच वर्षे माझा भागीदार होता. तो आला की शुभांगी त्याच कपात त्याला चहा देत असे आणि न सांगता आले जास्त ठेचत असे. मलाही आले आवडते. मी सांगितले नव्हते, हे खरे, पण त्यानेही सांगितलेले नव्हते. कप त्याच्या घरी पोचवावा.

६. आता प्रोग्राम. पतसंस्थेची रोजची कामे संगणकावर व्हावीत म्हणून पंकज आणि मी तो मिळून लिहिला. एका कामाची एक फाईल, अशा पुष्कळ फायली. त्या सगळ्या जोडून शेवटी एक चालता प्रोग्राम बांधावा लागतो. बांधणीत कोणत्या फायली घ्यायच्या हे संगणकाला सांगणारी एक वेगळी फाईल असते. माझ्या बांधणीच्या फाईलमध्ये मी प्रत्येक फाईलचे नाव एकाखाली एक लिहितो. यादीत नाव नसेल ती फाईल आत येत नाही. पंकज नावे लिहीत नसे. तो एक स्टार (*) टाकी. स्टार म्हणजे, या जागेत जे काही आहे ते सगळे घे.

तो शुभांगीला म्हणायचा, "वहिनी, बघा तुमचे हजेरीमास्तर! फायलींची हजेरी घेतायत. कोण रे गैरहजर? अंगठे धर!"

ती हसायची. भरलेला तांब्या खाली ठेवून हसायची. माझ्या बोलण्यावर ती हसली नाही असे नाही, पण तांब्या खाली ठेवावा लागला असे कधी झाले नाही.

७. नेवाशाच्या एका पतसंस्थेत पंकजने प्रोग्राम बसवला तेव्हा मी हजर होतो. पंकजने प्रिंटर तपासण्यापुरती एक फाईल लिहिली होती. ती काढायची तो विसरला आणि स्टारने ती आत घेतली. अध्यक्षांच्या हस्ते पहिली पावती छापली. तिच्यावर आले, "काय राव, चहा कधी?" मी शरमेने खाली पाहिले. अध्यक्षांनी पावती मोठ्याने वाचली आणि सगळ्यांना चहा सांगितला. वर भजीही. आजही तिथे पंकजची आठवण काढतात. माझ्या यादीतून असली फाईल कधी कोणाकडे गेली नाही. त्याबद्दल मला कोणी चहा पाजलेला नाही.

त्या दिवशी घरी आल्यावर मी शुभांगीला म्हणालो, "बघितलंस ना, स्टारने काय होतं ते?"

ती म्हणाली, "काय झालं? भजी मिळाली." मग म्हणाली, "तुमच्या यादीत नवीन कोणी येतच नाही का हो?"

मी म्हणालो, "कामाचं असेल ते येतं."

ती भांडी घासायला गेली.

८. पुढे पंकज आणि मी वेगळे झालो. निम्म्या पतसंस्था त्याने घेतल्या, निम्म्या मी. भांडण झाले नाही. फायली दोघांकडेही त्याच राहिल्या. बांधणी ज्याने त्याने आपल्या पद्धतीने करायची असे ठरले.

९. शुभांगीच्या जलदानविधीनंतर काही दिवसांनी पंकजचा निरोप आला. तो मुंबईला अडकला होता, तेव्हा सोनईच्या पतसंस्थेत मी जाऊन यावे. सोनई त्याच्याकडे होती. मी गेलो. काम झाले. तिथले कारकून रंगनाथ दरंदले यांनी संध्याकाळी दिवसाचे काम मिटवले आणि प्रोग्राम बंद केला. बंद होता होता पडद्यावर एक एक ठिपका उमटू लागला. ठिपके जोडले गेले, मध्ये कमळ झाले, आणि खाली अक्षरे आली, "या. उद्या भेटू."

मी विचारले, "हे काय आहे?"

"ही? वहिनींची रांगोळी. रोज येती. आमच्या शिपायाला तर ही बघितल्याबिगर घरला जावंसं वाटत न्हाई." मग त्यांनी माझ्याकडे पाहिले. "तुमाला म्हाईत न्हाई व्हय?"

मी म्हणालो, "माहीत आहे."

१०. माहीत नव्हते. घरी येऊन संगणकात शोधले. फाईल होती. नाव रांगोळी. तारीख नेवाशाच्या त्या पावतीच्या आधीची. तिथे प्रोग्राम बंद होईपर्यंत मी थांबलो नव्हतो. शुभांगीने ती आमचे काम बघून बघून, स्वतःच्या डोक्याने लिहिलेली होती. ती अशा तऱ्हेची फाईल आहे की तिला कुठून बोलवावे लागत नाही. एकदा बांधणीत घेतली की प्रोग्राम बंद होताना ती आपोआप चालते. तिने ती सगळ्या फायलींच्या शेजारी ठेवून दिली होती. पंकजच्या स्टारने ती उचलली. माझ्या यादीत नाव नव्हते, म्हणून माझ्या एकाही पतसंस्थेत ती कधी उमटली नाही.

मी पंकजला फोन केला. तो म्हणाला, "अरे, ती! वहिनींनी विचारलं, फाईल कुठं ठेवू? म्हटलं, ठेवा तिथंच, स्टार बघून घेईल. मला वाटलं तुझ्याकडं पण येत असेल."

त्याने मुद्दाम काही केले नाही, हे मी मान्य करतो. राग त्याचाच येतो. तिने लिहिलेले रोज त्याच्या गावांना दिसत होते आणि ती माझ्याच घरात राहत होती.

११. ठुबे वकिलांना मी विचारले की पंकजकडची रांगोळी पुसायला लावता येईल का. त्यांनी विचारले, "लिहिली कोणी?" म्हटले, शुभांगीने. "मग त्यांच्यामागे ती कायद्याने तुमची. पुसायला सांगा, ठेवायला सांगा, कोणाला द्यायची त्याला द्या." मग म्हणाले, "पण पुसून तुम्हाला काय मिळणार हो?"

मी बरेच दिवस पुसायच्या बाजूने होतो. माझ्या पहिल्या मसुद्यात तसे लिहिलेही होते. पण पुसली तर सोनईत ती उमटायची थांबेल, आणि माझ्याकडे तर ती कधी उमटलीच नव्हती. मग ती कुठेच राहणार नाही. शिवाय मला काही झाले तर माझ्या पतसंस्थांचे काम पंकजशिवाय दुसऱ्या कोणाला समजणारे नाही. हेही मला आवडत नाही, पण खरे आहे.

१२. म्हणून माझ्या सर्व फायली, सोबत जोडलेल्या यादीत नावे दिल्याप्रमाणे, मी पंकज कडू भिंगारदिवे याला देतो. रांगोळीही देतो. अट एकच. त्याने आपल्या बांधणीतून स्टार काढावा आणि प्रत्येक फाईल नाव लिहून घ्यावी. रांगोळीचे नाव त्याने स्वतःच्या हाताने टाइप करावे. सीमाने त्याची बांधणीची फाईल उघडून खात्री करावी आणि मगच त्याला माझ्या फायलींच्या डिस्का द्याव्यात. तो हसेल. हजेरीमास्तर म्हणेल. म्हणू द्यावे.

इतकी वर्षे रांगोळी त्याच्याकडे होती, पण ती सगळ्यांच्या घोळक्यात आली होती. तिला त्याने वेगळे बोलावले नव्हते. तिचे नाव त्याने कुठेही लिहिलेले नाही, हे मी त्याच्या फायली तपासून पाहिले आहे.

काल मी माझ्या यादीत ते लिहिले. बांधणी केली, प्रोग्राम चालवला आणि बंद केला. कमळ पूर्ण होईपर्यंत बसून राहिलो.

पंकजनेही तिचे नाव लिहावे. मात्र ते आधी मी लिहिले आहे, हे येथे नमूद करतो.

वरील मजकूर मी वाचून पाहिला. तो माझ्या इच्छेप्रमाणे आहे. अंमलबजावणी वकील मच्छिंद्र ठुबे यांनी करावी. खालील दोघांच्या समक्ष मी सही केली आणि माझ्या समक्ष त्यांनी.

सही: सोपान पुंजाराम साळवे

साक्षीदार:
१. रंगनाथ दरंदले, राहणार सोनई, तालुका नेवासा
२. प्रवीण साठे, शेजारी, राहणार केडगाव

ठिकाण: केडगाव
दिनांक: ९ सप्टेंबर १९९८