घोडा मोठा का विहीर

अब्बा, आज शाळेत स्नेहसंमेलनाच्या तालमीला आठवीतला एक मुलगा काळा शर्ट घालून आला होता, छातीवर तोच उधळलेला घोडा. मी त्याला विचारलं, हे कोण माहीत आहे का रे? तो म्हणाला, "कंपनी हाय की मॅडम, शर्टाची." मला हसू आलं आणि मग दिवसभर ते हसू कुठेतरी अडकून राहिलं. ज्या बँडसाठी कॉलेजची पोरं आपल्या दुकानाच्या फळीवर मुठी आपटून भांडायची, ते घोडेवाले आता शर्टाची कंपनी झाले. वारणानगरच्या या कॉलनीत मला येऊन बरीच वर्षं झाली. तुम्ही हे घर पाहिलं नाही. स्वयंपाकघराला पश्चिमेची खिडकी आहे, दुपारी तिथं ऊन येतं, आणि तिथंच बसून हे लिहिते आहे.

तुम्हाला ठाऊक असलेलंच पुन्हा सांगते, कारण मला ते एकदा ओळीनं मांडायचं आहे. गंगावेशीत आपलं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं आणि आत पडद्यामागं कॅसेटी भरायची मशिनं. शाळा सुटली की मी तिथंच असायचे, कारण घरी अम्मी नव्हती. मी रांगत होते तेव्हाच ती गेली. गिऱ्हाईक कोरी कॅसेट आणून द्यायचं नाहीतर दुकानातलीच घ्यायचं, तुम्ही तिच्यात रेकॉर्डवरची गाणी भरून द्यायचात. भरून झाली की स्क्रूड्रायव्हरच्या टोकानं कॅसेटच्या पाठीचे प्लास्टिकचे बारके दात मोडायचे. ते मोडले की तिच्यावर चुकूनसुद्धा दुसरं काही भरलं जात नाही. तो 'टक' आवाज म्हणजे माझं लहानपण. "दात मोडलं की कॅसेट पुरी झाली बेटा," तुम्ही म्हणायचात. "आता तिला बोलायचं काय ऱ्हायलं न्हाय."

त्या वर्षांत कोल्हापुरात त्या परदेशी बँडांचं वेड आलं होतं, गिटारी किंचाळणारे आणि ढोल बडवणारे. त्यांची इंग्रजी नावं कुणाच्या तोंडात बसायची नाहीत, म्हणून दुकानात त्यांना रेकॉर्डच्या कव्हरवरून ओळखायचे. एक घोडेवाले. दुसरे विहीरवाले, कारण त्यांच्या कव्हरवर फक्त एक विहीर होती, वरून आत पाहिल्यासारखी, आणि तळाशी काही दिसत नव्हतं. घोडा सगळ्यांना हवा असायचा. हॉस्टेलच्या खोल्यांतून घोडा, रंकाळ्यावर टेपरेकॉर्डर घेऊन बसणाऱ्यांचा घोडा, एका रिक्षाच्या पाठीवर रंगवलेला घोडा. विहीर वर्षातून एखादाच मागायचा. आणि तरी दुकानात दिवसभर वाजायची ती विहीरच, कारण तुम्ही दुसरं काही लावायचाच नाहीत.

पोरं तुम्हाला छेडायची. मला ती दुपार आता दिसते आहे. तुम्ही स्टुलावर, समोर उघडा रेडिओ, हातात सोल्डरिंगची कांडी. इंजिनिअरिंगचा एक उंच मुलगा काउंटरवर वाकून म्हणतोय, "चाचा, खरं सांगा. घोडा मोठा का विहीर?"

"विहीर."

"अवं, अख्खं जग घोडा ऐकतंय. पोरं दंडावर गोंदवून घ्यायल्यात. तुमची विहीर कोण ऐकतंय? तुमी आन् ही पोरगी."

"घोडा दम घेत न्हाय लेका," तुम्ही कांडीवरून नजर न काढता म्हणता. "सुरू झाला की नुसता पळतोय. त्याच्यात दुसऱ्याला उभं ऱ्हायला जागा न्हाय. विहीरवालं थांबत्यात."

"म्हंजे तुमी गाणं ऐकत न्हाय, मोकळी जागा ऐकताय व्हय?"

"व्हय."

सगळे हसतात. तुम्हीही हसता. मग थोड्या वेळानं, कुणी विचारलेलं नसताना, म्हणता, "बाकी सगळं बराबर हाय त्यांचं. आनी जरा थांबाय पायजे हुतं, एवढंच."

ते थांबणं म्हणजे काय, हे मला तेव्हा पाठ होतं. विहीरवाल्यांच्या पहिल्याच गाण्यात, मध्यावर, सगळं एकदम तुटतं. गिटार नाही, गाणारा नाही, नुसती टेपची खरखर. मग ढोल कोसळतो आणि गाणं पुन्हा उठतं. ती जागा जवळ आली की तुमचा हात कामावरून उठायचा आणि आवाजाच्या बटणाकडे जायचा. तुटलं की बटण पार शेवटापर्यंत फिरवायचात, डोळे मिटून, आणि ढोल पडायच्या आत परत खाली आणायचात. कधीकधी जमायचं नाही. मग ढोल असा फुटायचा की शेजारचा पानवाला ओरडायचा, "चाचा, पानं उडाली की माझी." मला वाटायचं, हा तुमचा खेळ आहे. पण ज्या दिवशी हात चुकायचा त्या दिवशी तुम्ही जेवताना बोलायचा नाहीत, आणि खेळात हरलेल्या माणसाचा चेहरा तसा नसतो, एवढं मला तेव्हाही कळत होतं.

घरी दुसरं एक चालायचं. जेवणं झाली की तुम्ही मला पेपर वाचायला लावायचात. बातमी कसलीही असो, साखर कारखान्याची नाहीतर कुस्तीची, तुम्ही भिंतीला टेकून डोळे मिटून ऐकायचात. मी दमून थांबले की म्हणायचात, "बोल की." मी म्हणायचे, "काय बोलू?" हे मी कुणाकडून शिकले नव्हते, आपोआप तोंडात यायचं. एकदा मी असं म्हणाले आणि पाहिलं, तुमचे डोळे मिटलेलेच होते, आणि उजवा हात हवेत उठून हळूहळू वळत होता, जणू तिथं बटण आहे. मी पुढचं सगळं पान एका दमात वाचून काढलं.

मग ते गणपती विसर्जन. आपल्या गल्लीतली बेंजो पार्टी ट्रॉलीवर उभी होती. कर्ण्यांतून बेंजोचा आवाज फाटून येत होता, पुढं पोरं गुलालात नाचत होती. मी तुमच्या शेजारी दुकानाच्या पायरीवर. बेंजोवाल्यानं हिंदी गाणं सोडलं आणि काहीतरी जड, खालच्या पट्टीतलं सुरू केलं, आणि मी तुमच्याकडे पाहिलं. ती विहीर होती. त्या माणसानं ती रेकॉर्ड कधी विकत घेतली नव्हती. कव्हरही पाहिलं नसेल. पानाच्या गादीशी उभा राहून वर्षभर तुमच्या दुकानातून जे बाहेर येत होतं तेच त्याच्या बोटांत गेलं होतं. उंच मुलगा गर्दीतून तुम्हाला हाक मारत होता, "चाचा, जिंकला की तुमी. घोडा घरात वाजतोय, विहीर रस्त्यावर आली." पुढं मला हे फार वेळा आठवलं. ज्याचं नाव सगळ्यांना माहीत असतं ते एक, आणि ज्याचं नाव कुणाला माहीत नसून जे सगळ्यांच्या हातांत उतरतं ते दुसरं. पण त्या क्षणी तुमचं लक्ष त्यात नव्हतं. ती जागा येत होती.

बेंजोवाल्यानं तीही उचलली होती. सगळं तुटलं. ताशा थांबला, नाचणारी पोरं हात वर करून थांबली. आणि रेकॉर्डवर जिथं ढोल पडतो तिथं तो पडला नाही. ट्रॉलीवरचा ढोलवाला काठी उचलून मजेत हसत उभा राहिला, लोकांना ताणून धरत. एवढी गर्दी आणि एवढी शांतता मी पुन्हा पाहिली नाही. त्या शांततेत तुम्ही झटकन मागं वळलात, अंधाऱ्या दुकानाकडे, कुणी हाक मारल्यासारखे.

"कोण बोललं?"

"कुणी न्हाय अब्बा."

"तू बोललीस?"

मी बोलले नव्हते. मग ढोल कोसळला आणि सगळी गल्ली उसळली. तुम्ही मात्र पडदा बाजूला करून आत गेलात आणि मशिनांच्या मध्ये उभे राहिलात. मी बाहेरूनच पाहत राहिले. आत यायची मला भीती वाटली.

तुम्ही गेल्यावर कितीतरी वर्षांनी तुमच्या बहिणीनं, फुप्पीनं सांगितलं. मशीन नवं होतं तेव्हा तुम्ही ते घरी आणून एका दुपारी अम्मीला माईकसमोर बसवलं होतं. ती लाजत होती. तुम्ही "बोल की, बोल की" करत राहिलात, आणि ती शेवटी हसून म्हणाली, "काय बोलू?" तेवढ्यात चुलीवरचं दूध उतू जायला लागलं आणि ती उठून गेली. बाकीचं नंतर भरू, असं ठरलं. फुप्पी म्हणाली, "नंतर ती आजारीच पडली बग. मग माईक कुटला आन् काय कुटलं." ती कॅसेट तुम्ही ठेवलीत, पण तिचे दात मोडले नाहीत. गावभरच्या कॅसेटींचे दात मोडणारा माणूस, पण तिचे मोडवेनात. मोडले की पुरी झाली, तिला बोलायचं काही राहिलं नाही. नावही घातलं नाहीत. मग गॅदरिंगच्या दिवसांत हॉस्टेलच्या पोरांची गर्दी उडाली, सगळ्यांना घोडा, एकाला विहीर, कोऱ्या कॅसेटी संपल्या. तुम्ही खणातली एक घेतलीत, दात शाबूत, नाव नाही, म्हणजे कोरी. एक बाजू भरून झाल्यावर उलटी केलीत, आणि दुसऱ्या बाजूच्या लेबलवर अम्मीच्या मेंदीच्या अंगठ्याचा डाग दिसला.

फुप्पी सांगत होती, "तवा त्यानं तिचं दात मोडलं. भरून झाल्यावर. मी डोळ्यांनी बगितलं."

आपलं ते जुनं मशीन आधीचं नीट पुसत नव्हतं, हे तुम्हीच मला सांगितलं होतं. नव्या गाण्याखाली जुनं थोडं उरायचं. त्या कॅसेटवर घोडा पडला असता तर त्याच्या धावण्याखाली काहीच ऐकू आलं नसतं. विहीर पडली, आणि तिच्यात ती एक जागा होती. म्हणून विहीर मोठी. एवढाच तुमचा न्याय होता, आणि पोरं त्यावर तुमच्याशी वर्षानुवर्षं भांडत राहिली.

दुकानात दिवसभर वाजायची ती कॅसेट आणि ते मशीन आता माझ्याकडे आहेत. पहिल्यांदा लावली तेव्हा मीही तुमच्यासारखं बटण शेवटापर्यंत फिरवलं. खरखरीच्या तळातून एक आवाज आला, फार लांबून, "बोल की." तो तुमचा होता. तरुण, लाडात आलेला, मी कधीच न ऐकलेला तुमचा आवाज. आणि लगेच ढोल. म्हणजे अब्बा, तुम्ही एवढी वर्षं कान लावून जे ऐकलंत ते तुमचंच विचारणं होतं. तिचं उत्तर ढोलाखाली गेलं. 'आनी जरा थांबाय पायजे हुतं' म्हणायचात ते हेच.

आता एक सांगायचं आहे. मशीनचा रबरी पट्टा ताणत चालला आहे, त्यामुळं टेप दरवर्षी जरा सावकाश चालते. गाणारा आणखी खर्जात जातो, गिटार रडल्यासारखी वाटते, आणि ती जागा लांबते. पट्ट्यामुळंच लांबते, मला समजतं. पण 'बोल की'नंतर आता काहीतरी असतं. पहिल्यांदा नुसता श्वास वाटला. मागच्या उन्हाळ्यात शब्द वाटला. मी अम्मीपेक्षा वयानं कधीच मोठी झाले आहे, आणि तिचा आवाज मला माहीत नाही, म्हणून तो ओळखायचा कसा, हे कळत नाही. मला तो फक्त माझ्यासारखा वाटतो.

फुप्पीचा नातू पुण्यात आवाजाच्याच कामात आहे. तो म्हणतो, "आत्या, मला दे. नवा पट्टा घालतो, खरखर काढतो, कोण काय बोललंय ते स्वच्छ वेगळं करून देतो." मी त्याला सांगितलं, घर बदलताना ती कॅसेट कुठं गेली सापडत नाही. ती तांदळाच्या डब्यामागं आहे. स्वच्छ केल्यावर तिथं कुणीच निघालं नाही तर मी काय करू?

हे पत्र तुम्हाला पोचवायची सोय नाही, आणि खरं तर पोचवायलाच हवं असंही नाही. मला ते कुणाला दाखवायचंही नाही. पण शेजारणीला मी खोटं सांगितलं, ते निदान इथं खरं लिहून ठेवते. काल दुपारी गॅसवर दूध ठेवून मी कॅसेट लावली. ती जागा आली. तुम्ही म्हणालात, "बोल की." सवयीनं माझे ओठ हलायला लागले, म्हणून मी तोंडावर हात घट्ट दाबून धरला. ढोल येत नव्हता. आणि अगदी शांतपणे, हसू दाबत, कुणीतरी म्हणालं, "काय बोलू?"

पाठीमागं दूध वर यायला लागल्याचा आवाज आला. शेजारीण नंतर जळका वास कसला म्हणून विचारत आली, तेव्हा मी म्हणाले, डुलकी लागली होती. लागली नव्हती, अब्बा. मला ऐकू येत होतं. मी उठले नाही.