आजोबांनी दिलेली उत्तरं

माय, तू, मी आणि या सीमेवरच्या गावांत दाराआड उभ्या राहिलेल्या सगळ्या बाया, आपल्या लेकरांबद्दल आपल्याला कुणी कधी विचारलं नाही. लेकरू आपल्या पोटचं, पण त्याचं दुखणं सांगणारं तोंड ओसरीवर बसलेलं. सभांमधून हे मी घसा फुटेस्तोवर सांगत आले. आज तुला सांगते, कारण परवा मुडबी गावात हेच पुन्हा पाहिलं आणि तेव्हापासून तुझ्यावरचा राग उतरत नाही.

तिथल्या अंगणवाडीच्या बाईला मोबाईलवर नवं साधन मिळालंय. लहान मुलाच्या मनाला काही त्रास आहे का, वागण्यात काही अडचण आहे का, याची त्यातून चाचपणी होते. घरच्यांनी उत्तरं द्यायची, बाईनं बोट टेकवायचं, शेवटी हिरवा, पिवळा नाहीतर लाल रंग उमटतो. लाल आला तर मूल बिदरला डॉक्टरांकडे. प्रश्न कन्नडमध्ये, बाई ते आपल्या बोलीत सांगते. बायांनी बिचकू नये म्हणून तिनं मला सोबत नेलं होतं. घर चार वर्षांच्या एका मुलीचं. तिचा धाकटा भाऊ उन्हाळ्यात तापानं गेलेला. आजोबा बाजेवर, मुलगी खांबाला टेकून, आणि तिची आई दाराआड, नुसता पदर दिसत होता.

“लेकरू घाबरतंय का, अप्पा?” बाईनं विचारलं.

“आमच्या घरात कोण घाबरतंय?”

“उदास असतंय का? एकटंच बसतंय का?”

“उदास व्हायला काय झालंय तिला? खाती, पिती. शेजारचं पोरगं बघा, दगडं मारायलंय. त्याला घाला तुमच्या मोबाईलात.”

“मग न्हाई लिहू?”

“न्हाईच लिवा. लई शहाणी हाय. तोंडातून आवाज न्हाई.”

हिरवा रंग उमटला. “बघा, पास झाली आमची पोरगी!” म्हातारा खुशीत हसला. मी दाराकडे वळून विचारलं, “बाई, तुमचं काय म्हणणं?” आतून उत्तर आलं, “मामंजी सांगत्यात तेच.”

मग मी पाणी प्यायला आत गेले. तांब्या देता देता ती हळूच म्हणाली, “अक्का, बोलणंच बंद झालंय तिचं. हातरुणात मुतायलीय. दार वाजलं की बाजंखाली शिरतीय.”

“मग मघाशी कामून बोलली न्हाईस? मी इचारलं की तुला.”

“समद्यांम्होरं इचारलात, अक्का. त्याला इचारणं म्हणत्यात व्हय?”

माय, एवढी पुस्तकं वाचली, एवढी मैदानं गाजवली, आणि विचारायचं कसं ते मला दाराआडच्या या आईनं शिकवलं. मोबाईलला शिव्या देणं सोपं होतं. पण मोबाईलनं बरोबर तेच विचारलं होतं, जे तुझा थोरला, माझा दादा, विहिरीत बुडून गेल्यावर मला कुणीतरी विचारायला हवं होतं.

तेव्हाचं अजून डोळ्यांसमोर आहे: मी पाच वर्षांची आहे. तू मला बांधावर बसवून तुरीत खुरपायला जातेस. मी तिथून हलत नाही, रडत नाही, पाणीसुद्धा मागत नाही. मागितलं तर तू विहिरीवर जाशील, आणि विहिरीवर गेलेलं माणूस परत येत नाही, एवढंच मला कळलेलं. दुपारी भाकरी सोडताना बाया म्हणतात, “कसलं गुणाचं लेकरू वं तुझं!” तू म्हणतेस, “व्हय, कसला म्हणून तरास न्हाई तिचा.” आणि माझ्या तळहातावर गुळाचा खडा ठेवतेस. वर्षभर मी त्या कौतुकाखाली गुदमरत होते. पुढं शाळेत एकदा किंचाळले, तर तू फरफटत घरी आणलंस. “कामून वराडायलीस? चांगली होतीस की!” नाही गं माय, चांगली नव्हते. नुसती गप्प होते. हा फरक तुला दिसला नाही, की दिसूनही तू ओसरीवरच्या माणसांसाठी झाकलास, हे विचारायच्या आधीच तू गेलीस.

हे पत्र कुठं पाठवायचं नाहीच. एक कबूल करते. हा राग मी मुद्दाम धरून ठेवलाय. तो सोडला तर तुझ्याशी बोलायला माझ्याजवळ दुसरं काही उरत नाही.

तुझं माझं राहू दे. ते लेकरू अजून चार वर्षांचं आहे. उद्या सकाळी अंगणवाडीच्या बाईला एवढंच सांगणार आहे: ती हिरवी नोंद खोडा, आजोबा शेताला गेल्यावर त्या घरी परत जा, दार पुढं करा, आणि तिच्या आईला एकटीला विचारा.