सौरव सरांनी दिलेली कादंबरी

नागपूर, बुधवार

प्रिय शामला,

फोनवर बाजूला आई असते, म्हणून लिहून राहिलो. मी मजेत आहे, डबाही बरा आहे. आईचे गुडघे कसे आहेत?

इथे अख्ख्या कंपनीत ग्रंथपाल मी एकटाच. लोक येतात ते एसीत बसायले, पुस्तक कोणी मागत नाही.

परवा तू मात्र गावातल्या वाचनालयाच्या सौरव सरांचं नाव चारदा घेतलं. ते तुले कादंबऱ्या निवडून देतात म्हणे. घरचा ग्रंथपाल सोडून त्याले काहून विचारलं वं?

शनिवारी येतो, पुस्तकं घेऊनच.

त्यानं दिलेली ती जाड कादंबरी आमच्याकडेही आहे. काल कामाच्या वेळात बसून वाचून काढली. शेवटी ती बाई नवऱ्याकडेच परत येते. आता वाचायचं काही उरलं नाही, पत्र मिळताच परत करून टाक.

तुझाच,
नितेश