वारुळात ओतलेलं फिनेल

अप्पा, नाग माणसावर आपणहून चालून येतो की नाही, यावरून आपलं शेवटपर्यंत पटलं नाही. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी परवा जेवताना कुणीतरी हाच विषय काढला आणि माझा आवाज तुमच्याशी भांडताना चढायचा तसाच चढला. म्हणून लिहायला बसले आहे.

तिकडे तमिळ मुलखात, आवडी गावातल्या आपल्या क्वार्टरमागे कुंपणाला लागून वारूळ होतं. आडी महिन्यात, म्हणजे आपल्या आषाढ-श्रावणात, दर शुक्रवारी कॉलनीतल्या बायका त्याला हळदकुंकू वाहायच्या, दूध ओतायच्या. या दुधानंच साप येतात, असं तुमचं ठाम मत. मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते. एका रविवारी सकाळी तुम्ही फिनेलचा अख्खा डबा वारुळाच्या भोकांत रिकामा केलात. शेजारच्या मामी हात जोडून "वेंडाम सार, वेंडाम" म्हणत होत्या. नको म्हणताहेत, एवढं तमिळ तुम्हाला नक्की येत होतं. तुम्ही हात धुतलेत आणि पेपर उघडून बसलात.

आई स्वयंपाकघरात जमिनीवर बसून दगडी रगड्यात इडलीचं वाटत होती. मी पाणी घ्यायला आले ती दारातच थिजले. नाग मोरीच्या भोकातून आत आलाय. आईच्या गुडघ्यापासून हातभर अंतरावर फणा काढून उभा आहे. तिचा हात रगड्यावर आहे तसाच, बोटांवरून पीठ ओघळतंय, आणि थेंब पडला की नाग तिकडे वळतोय. माझ्या तोंडून कसाबसा आवाज फुटला. तुम्ही काठी घेऊन मागच्या दारानं धावत आलात आणि नेमके मोरीपाशीच उभे राहिलात.

"अहो, त्याची वाट सोडा," आई ओठ न हलवता म्हणाली.

"तू हलू नकोस. मारतो मी त्याला."

"मारू नका. बाजूला व्हा."

तुम्ही जागचे हलला नाहीत. नाग फुत्कारला, तोंड मिटूनच पुढे झेपावला आणि रगड्यावर आपटला. तुमची काठी अजून वरच होती. "मी मरेन," आई म्हणाली, "बाजूला व्हा." तिनं तुम्हाला त्या आवाजात सांगितलेलं मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. मग तुम्ही सरकलात. नागानं फणा खाली घेतला आणि तो भिंतीच्या कडेकडेनं मोरीतून निघून गेला.

संध्याकाळी तुम्ही येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होता, "सरळ चालून आला हो." फिनेलचं नाव नाही. पुढे मी गिंडीला सापांची बाग पाहून आले आणि जेवताना म्हणाले, "नाग कोंडीत सापडल्याशिवाय चावत नाही म्हणे." तुम्ही ताट सरकवलंत. "चार बुकं वाचलीस म्हणून बापाला शिकवू नकोस." मी आईकडे पाहिलं, तर ती तुम्हाला ताकभात वाढत होती. तुमच्याइतकाच मला तिचाही राग आला.

तुम्ही गेल्यावर तिला एकदा विचारलंच. "फिनेलचं तुला ठाऊक नव्हतं?"

"नव्हतं कसं? नागाच्या अंगाला वास येत होता."

"मग बोलली का नाहीस कधी?"

"अगं, ते भ्याले होते. नंतर कितीतरी दिवस मी वाटायला बसले की दारात येऊन उभे राहायचे. भ्यालेल्या माणसाला आणखी कोंडीत कशाला धरायचं?"

तिला जमलं ते मला अजून जमत नाही. हे पत्र तुमच्या फोटोपुढे वाचायचं ठरवलं होतं, पण आता घडी घालून ठेवून देते. काठी उगारून तुम्ही मोरी अडवून उभे होता आणि आई मध्ये बसली होती. त्या घटकेला मला सगळ्यात जास्त भीती तुमची वाटली, अप्पा. पुढे तुमच्याशी जी भांडत राहिले, ती त्या भीतीपोटीच.